आमचे सेकंड व्हायोलिनवाले घरमालक

आयुष्यभर गाण्यांत राहून एकही गाणं न येणारा माणूस अख्ख्या चेन्नईत शोधायचा म्हटलं, तर तो आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतो. ते आमचे घरमालक. आवडी नावाच्या उपनगरातली आमची सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते, म्हणून आम्हीही मामा म्हणतो. त्यांनी किती गाण्यांत व्हायोलिन वाजवलं असेल ते त्यांनाच माहीत नाही, तर आपल्याला काय असणार! पण रेडिओ लावा, चहाच्या दुकानापाशी उभे राहा, लग्नाच्या हॉलमध्ये केळीच्या पानावर बसा, जुनी गाणी लागली असली की त्यातल्या एखाद्यात कुठेतरी तळाशी मामा असतातच. आणि याच माणसाला "मामा, त्यातली एक ओळ गुणगुणा बघू" म्हटलं, की ते मान ताठ करतात, डोळे मिटतात, आणि त्यांच्या घशातून "टं... टं टं... टं" असं काहीतरी बाहेर येतं. ते त्या गाण्यातलं सेकंड व्हायोलिन. वरची चाल कशी होती हे त्यांना खरोखर ठाऊक नसतं. मी सांगलीहून लग्न करून इकडे आले तेव्हा पहिले सहा महिने मला वाटायचं, म्हातारा आपली थट्टा करतोय.

त्याचं असं, की मामा वडपळनीच्या सिनेमा स्टुडिओंतल्या ऑर्केस्ट्रात सेकंड व्हायोलिनच्या शेवटच्या खुर्चीवर जे बसले ते तिथेच म्हातारे झाले. फर्स्ट व्हायोलिनवाले चाल वाजवतात आणि सेकंडवाल्यांनी खालून टेकू द्यायचा, हे मला त्यांनीच समजावून सांगितलं. समोर जो कागद यायचा त्यावर फक्त आपापला पार्ट, वर गाण्याचा नंबर. सिनेमा कुठला, नाचणार कोण, काही पत्ता नसे. गाणारा तर त्या दिवशी फिरकायचाच नाही. आधी सगळ्या वाद्यांचा ट्रॅक भरायचा, आणि मग एखाद्या सकाळी गाणारा एकटा येऊन त्यावर आपला आवाज घालून जायचा. तोवर हे लोक घरी जेवून झोपलेले. सगळ्यांचे पार्ट लिहिणाऱ्या अरेंजरच्या मोठ्या कागदावरसुद्धा गाणाऱ्याची ओळ कोरीच असायची, कारण ती गाणाऱ्याला पाठ असे आणि बाकीच्यांना तिच्याशी काही कर्तव्य नसे. "आधी ट्रॅक, व्हॉइस मग," हे मामांच्या बोलण्यात इतक्या वेळा येई, की आमची लेक लहानपणी भातुकलीतसुद्धा तेच म्हणायची. एकदा स्टेशनबाहेर चहा पिताना मामांनी आमच्या ह्यांचं मनगट गच्च धरलं. दुकानातल्या रेडिओवर कुणीतरी जीव तोडून गात होतं. "आत्तां ऐक... आत्तां... हें! हें मीं!" ह्यांना ऐकू आला तो गाणारा आणि मागून आलेला बसचा हॉर्न. तरी बिचारे "वा मामा!" म्हणाले, आणि म्हणून गप्प बसावं की नाही, तर विचारलं, "सिनेमा कुठला?" मामा म्हणाले, "तें मज काय ठाऊक?" आणि चहा प्यायला लागले.

मामांचं मराठी तंजावरचं. त्यांचे वाडवडील कधी काळी आपल्याकडून निघाले, ते मराठी सोबत घेऊन गेले आणि मुरांब्यासारखं मुरवत बसले. त्यात तमिळ पडलं आणि मामांच्या बाबतीत स्टुडिओतलं इंग्रजी पडलं. "काय करूलागलीस, अम्मा?" असं त्यांनी पहिल्या दिवशी जिन्यावरून विचारलं, तेव्हा मला वाटलं की हे कानडीत बोलतायत. इथे कुठल्याही बाईला अम्माच म्हणतात, त्यामुळे त्यांच्या निम्म्या वयाची असून मी त्यांची अम्मा झाले. पण खरी पंचाईत इंग्रजीची. मामींनी कॉफी आणायची ती मामांनी तर्जनी वर केली की. हा क्यू. बोट वर व्हायच्या आत पेला आला तर "अर्ली एंट्री!" आणि डिकॉक्शन पातळ झालं असेल तर "पियानिसिमो आहे आज," म्हणजे सूर अगदीच हळू, असं म्हणून पेला परत. मी फोनवर बहिणीशी बोलत असले की वरून आवाज यायचा, "टेम्पो, अम्मा, टेम्पो! रश करूलागलीस!" आमचं नवरा-बायकोचं कधी वाजलं, तर दुसऱ्या दिवशी जिन्यात अडवून म्हणायचे, "काल तुमचें ड्युएट बरें झालें. पण तुझ्या सोलोवर तो मध्येंच शिरला. तसें करूं नये म्हणून सांग त्याला." आता यावर हसावं की घर बदलावं? पालेभाजीवाली सकाळी "कीरेऽऽ" म्हणून ओरडत यायची, तिला ते गॅलरीतून शेवटचा नोट होल्ड करायला सांगायचे. ती त्यांना तात्ता, म्हणजे आजोबा, म्हणायची; डोक्यावरची टोपली सावरत तमिळमध्ये विचारायची, "तात्ता, माठ घेणार की मी पुढे जाऊ?" इतकंच काय, इकडे प्रेतयात्रा ढोल बडवत नेतात, तशी एक आमच्या गल्लीतून चालली होती, मामा फाटकात हात जोडून उभे राहिले आणि मला हळूच म्हणाले, "घाई करूलागलेत. गेलेल्याला आतां कसली घाई?" माझ्या अंगावर काटा आला, आणि हसूही आलं. त्यांच्या सहवासात हे दोन्ही एकदमच व्हायचं.

लाल दिव्याचा तर निराळाच ताप. स्टुडिओत लाल दिवा लागला म्हणजे टेक सुरू. मग खोकायचं नाही, खुर्ची करकरवायची नाही, शिंक आली तर गिळायची. हे अंगात इतकं मुरलेलं, की लाल दिवा दिसला की मामा मुके. उन्हाळ्यात वीज जायची, जिन्यातल्या इन्व्हर्टरचा लाल दिवा लागायचा, साऱ्या गल्लीत "गेली, गेली" असा गलका व्हायचा आणि वरचा मजला चिडीचूप. आमचे हे एकदा "मामा, तुमच्याकडे एक तरी फेज आहे का?" म्हणून विचारायला गेले, तर मामांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना खुर्चीवर बसवलं. मामी भिंतीला टेकून मुकाट्याने पदराने वारा घेत बसलेल्या. वीज येईपर्यंत आमचे हे घामाने निथळत त्या दोघांकडे आळीपाळीने बघत बसले होते. खाली आले ते तणतणतच.

सकाळचा रियाजही असाच. खिडकीशी बसून व्हायोलिन हनुवटीखाली धरायचं आणि वाजवायचंच नाही! सेकंड व्हायोलिनला वाजवण्यापेक्षा थांबायचंच काम जास्त. मग ते थांबणं मोजायचं. "वन टू थ्री फोर, टू टू थ्री फोर, थ्री टू थ्री फोर..." असं पुटपुटत राहायचं, आणि मोजता मोजता अचानक "टं टं" वाजवून पुन्हा थांबायचं. यालाही रियाज लागतो, असं त्यांचं म्हणणं. मामी आत कुकर लावता लावता म्हणायच्या, "इतकीं वर्षें झालीं अम्मा, ह्या घरांत नुसती आमटी वाढूलागलेत. भात कधीं येतो म्हणून मी बसलें आहें." आणि त्या स्वतःच एक गाणं म्हणायला लागायच्या. त्यांना गाण्याचं शिक्षण नव्हतं. त्यांच्या आईने तंजावरला त्यांना झोपवताना म्हटलेलं एक लांबलचक मराठी गाणं होतं, साळुंकीचं. "साळुंके साळुंके, ये गे ओटीवरी" असं काहीसं सुरू व्हायचं. मग साळुंकी दाणे टिपते, पाणी पिते, कुठल्या कुठल्या गावांची खबर सांगते. मामींना मूलबाळ नव्हतं. आमची लेक झाली तेव्हा त्या गाण्याला बऱ्याच वर्षांनी ऐकणारं कुणी मिळालं. मामींच्या माहेरी आता कुणी उरलं नव्हतं, आणि ते गाणं मी दुसऱ्या कुणाच्याही तोंडून कधी ऐकलं नाही.

पुढे स्टुडिओत ती पेटी आली. कीबोर्ड. एक पोरगा एक बटण दाबतो आणि अख्खी व्हायोलिनची रांग वाजते. मामांना बोलावणी यायची ती कमी झाली, मग सणासुदीपुरती, मग बंदच. ते याबद्दल फारसं बोलत नसत. एकदाच टीव्हीवर कुणीतरी कीबोर्ड वाजवत होता, तेव्हा म्हणाले, "त्या डब्यांत आम्हीं अस्के आहोंत, अम्मा. शेवटच्या खुर्चीवरचासुद्धां." त्यांच्या भाषेत अस्के म्हणजे सगळे. ते म्हणून त्यांनी आवाज बंद केला आणि नुसता पडदा बघत बसले. तरी रोज सकाळी मोजणं चालूच. बोलावणं आलं तर हात तयार पाहिजे म्हणत. बोलावणं येणार नाही हे त्यांनाही कळत होतं आणि मामींनाही. रोज सकाळी ते मोजणं खाली ऐकू आलं की मला उदास वाटायचं. मी मुद्दाम भांडी जोरात आपटायचे.

मग एका संध्याकाळी मामींनी ते विचारलं. आम्ही तिघं गच्चीवर वाळत घातलेले वडाम, म्हणजे इकडच्या कुरडया, गोळा करत होतो. मामी सहज म्हणाल्या, "साऱ्या जगाच्या गाण्यामागें वाजवलेंत. माझ्या गाण्यामागें कधीं वाजवणार?" मामांच्या हातातलं ताट तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणं ऐकू आलं नाही. मी घाबरून वर गेले, तर मामा टेबलावर पाच-पाच रेघांचे कागद पसरून बसलेले, कानावर पेन्सिल. "आजपासून मीं अरेंजर," म्हणाले. "हिच्या गाण्याचा फुल स्कोअर लिहूलागलों आहें. प्रिल्यूड, दोन इंटरल्यूड, शेवटीं फेड आउट." म्हणजे गाण्याआधीचं वाजवणं, कडव्यांमधलं वाजवणं आणि शेवटी हळूहळू विरत जाणं. उभ्या जन्मात दुसऱ्याने लिहिलेलं वाजवलेला माणूस तो. त्या दिवसापासून त्यांची चालच बदलली. इस्त्रीचा सदरा काय, मान काय, बोलणं काय! साबण संपला तरी "मज आत्तां डिस्टर्ब नक्को, व्हायोला लिहूलागलों आहें." मामी तोंडाला पदर लावून हसायच्या. लग्न ठरलेल्या मुलीसारख्या दिसायला लागल्या होत्या, खोटं नाही सांगत.

त्यांनी मामींकडून ते गाणं एकदा पूर्ण म्हणवून घेतलं. कशासाठी? तर किती बार, म्हणजे मोजायची घरं, होतात आणि कॉर्ड कुठे कुठे बदलते ते मोजण्यासाठी. ते लिहून घेतलं, आणि मामींची ओळ रीतीप्रमाणे कोरी ठेवली. आणि मग त्यांनी जे केलं त्याचा मला अजून राग येतो. मामींना त्यांनी व्हॉइस रेस्ट दिला. टेक होईपर्यंत गाणं म्हणायचं नाही, गुणगुणायचंही नाही, थंड पाणी नको, दही नको. आवाज टेकसाठी साठवायचा. मी म्हटलं, "मामा, माझ्या फोनवर आत्ताच भरून ठेवते की, असू दे जवळ." तर अंगावर झुरळ पडल्यासारखे दचकले. "कच्चें नक्को! एकदां कच्चें भरलें म्हणजे गाणारी तेंच धरून बसते. टेक म्हणजे टेक." मी मामींकडे पाहिलं. मामी म्हणाल्या, "राहूं दे गे. ते म्हणतात तसें." त्यांना त्याचं केवढं अप्रूप! चाळीस वर्षांनी नवरा आपल्याला गाणारी म्हणत होता. स्वयंपाकघर मुकं झालं. मला माझ्या ओट्यापाशी उभं राहून चुकल्यासारखं व्हायचं.

वाजवायला मामांनी आपले जुने सोबती जमवले. पेरंबूरचे बासरीवाले आले, त्यांनी नव्या कवळ्या बसवलेल्या. फुंकर मारली की सूर निघण्याऐवजी कवळी पुढे यायची. ती काढून ठेवावी तर फुंकर फुसकन सुटायची. शेवटी कवळी कशाने तरी चिकटवून ते मान न हलवता वाजवायला लागले. चेलोवाले आले ते दोन माणसांच्या आधाराने जिना चढून, त्यांच्या कानातलं यंत्र मध्येच शिटी घालायचं आणि मामा हात वर करून विचारायचे, "एफ-शार्प कोणी धरला?" तिसरे व्हायोलावाले, ते तर सगळ्यांशी भांडूनच असत. दर रविवारी वर उपमा नि कॉफी माझ्याकडून, आणि भांडणं त्यांची. बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, खाली ओढायचा की वर, प्रिल्यूड आठ बारांचा की सोळा, साळुंकीला बासरीने उत्तर द्यायचं की नाही. एवढ्याशा झोपवायच्या गाण्याला इतके सोपस्कार! "फ्रॉम द टॉप!" मामा ओरडायचे आणि चारही म्हातारे पुन्हा पहिल्यापासून सुरू. कडव्याची जागा आली की मामा बो उंचावून स्वयंपाकघराच्या दाराकडे क्यू द्यायचे. दारात मामी उभ्या असायच्या. व्हॉइस रेस्ट चालू, म्हणून त्या नुसते ओठ हलवायच्या. चौघं मन लावून खालून वाजवतायत आणि मध्ये कुणीच गात नाही, असं ते पूर्ण गाणं मी किती रविवार ऐकलं! मला वर चाल लागायचीच नाही, मामींचे ओठ तेवढे दिसायचे.

अखेर ट्रॅक भरला. आमची लेक सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिने लॅपटॉप आणला, कुणाकडून तरी चांगला माइक आणला, दारंखिडक्या लावल्या, पंखे बंद केले. मामांनी खास लाल दिवा लावायला लावला. चौथ्या टेकला सगळं जमलं. कवळी जागेवर राहिली, शिटी वाजली नाही, व्हायोलावाले भांडले नाहीत. ऐकून झाल्यावर मामा खाली मान घालून बसले आणि त्यांच्या चष्म्यावर पाणी साठलं. लेक म्हणाली, "तात्ता, माइक लावलेलाच आहे, पाटी पण बसू देत ना, आत्ताच घेऊन टाकू." तिच्या तोंडी आजी म्हणजे पाटीच. मामी उठल्यासुद्धा. पण मामा म्हणाले, "छे छे. व्हॉइस वेगळ्या दिवशीं. सकाळीं, फ्रेश. पुढच्या रविवारीं." मामी खाली बसल्या. म्हणाल्या, "सरी." म्हणजे बरं.

त्याच आठवड्यात मामींना ताप भरला. खोकला आधीपासून होता, तो सगळ्यांनी उन्हाळी म्हणून अंगावर काढला होता. इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालंय. मी डबा घेऊन जायचे. एक दिवस मी नि मामा दोघेही बसलो होतो. मामींनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क स्वतःच्या हाताने वर केला आणि विचारलं, "आत्तां म्हणूं कां?" मी म्हटलं, "म्हणा मामी, म्हणा!" तर मामा घाईघाईने पुढे झाले आणि मास्क सारखा करत म्हणाले, "आत्तां नक्को गे. ब्रेथ शॉर्ट आहे, ओळ तुटेल. बरी होऊन ये, फ्रेश टेक घेऊं." मी म्हटलं, "मामा, अहो तुटू दे की!" त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांना मामी बऱ्या होणार हे इतकं पक्कं वाटत होतं, की त्यात कुणाचं ऐकायला जागा नव्हती. मामींनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मास्कच्या आतून म्हणाल्या, "अरेंजर सांगतो तें ऐकावें लागतें." त्यानंतर दोन दिवसांनी त्या गेल्या.

मामांच्या तोंडचं इंग्रजी गेलं. पाणी आलं नाही तर "पाणी आलें नाहीं," एवढंच. कॉफी स्वतःच करून पितात, ती कडू होते की पातळ होते ते सांगत नाहीत. कीरेवाली आता हौसेने लांबलचक ओरडते आणि गॅलरीकडे बघते; वरून कुणी काही बोलत नाही. एकदा मी मुद्दाम त्यांच्यासमोर भराभर बोलले, अगदी जीभ अडखळेपर्यंत. मामांनी मान डोलावली आणि जिना चढून गेले. मला ते नकोसं झालं. इतकी वर्षं ज्या बोलण्याचा मला वैताग आला, ते बोलणं परत यावं म्हणून मी दत्ताला साकडं घातलं, आता बोला!

मधे बासरीवाले भेटायला आले होते. म्हणाले, "व्हॉइसची जागा मी बासरीने भरून देतो, ट्रॅक पुरा होईल. चाल सांग." मामांनी आपला सेकंडचा पार्ट काढून पुढे केला. मग बासरीवाल्यांनी चेलोवाल्यांना फोन लावला, त्यांनी व्हायोलावाल्यांना. इतके रविवार वाजवलेल्या त्या गाण्याची चाल चौघांपैकी एकाला येत नव्हती. प्रत्येकाला आपला पार्ट चोख पाठ. लेकीला विचारलं, तर ती रडायलाच लागली. म्हणाली, "आई, मला त्या गाण्यातली फक्त झोप आठवते."

परवा संध्याकाळी मामांनी मला वर बोलावलं. लेकीने ट्रॅक त्यांच्या फोनमध्ये घालून दिलाय, तो त्यांनी लावला. प्रिल्यूड झाला. मग कडवं आलं आणि ते रिकामं गाणं वाजायला लागलं. मामांनी फोन बंद केला आणि विचारलं, "अम्मा, तुज येतें काय?" मी म्हटलं, "मामा, पहिल्या दोन ओळी येतील कदाचित. दुसऱ्या ओळीलाच पोर झोपायची, आणि मग मामी आवाज इतका खाली आणायच्या की मला खालच्या मजल्यावर काही ऐकूच यायचं नाही. स्वयंपाकघरात म्हणायच्या तेव्हाही पुढचं सगळं कुकरच्या नि माझ्या भांड्यांच्या आवाजात बुडायचं." "दोन म्हण," मामा म्हणाले. माझा आवाज म्हणजे आनंदच. तरी पदर खोचून उभी राहिले आणि म्हटल्या. मामांनी पुन्हा म्हणायला लावल्या. मग त्यांनी पेटीतून व्हायोलिन काढलं, तारा लावल्या आणि माझ्या मागोमाग वाजवायला लागले. मी त्यांना चाल वाजवताना पहिल्यांदाच पाहत होते. नुकताच शिकायला बसलेला पोरगा वाजवील तसं वाजवत होते, बोटं चुकत होती, बो घसरत होता, पण सोडत नव्हते. "बरोबर आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मला नक्की नाही सांगता येत, मामा." "मजही नाहीं," ते म्हणाले. हळूहळू त्या दोन ओळी बऱ्या वाजायला लागल्या. दुसरी ओळ संपली की मामा बो उचलून माझ्याकडे बघायचे, आणि मी पुढचं येत नाही म्हणून मान हलवायचे. असं तीन-चारदा झालं. मग त्यांनी माझ्याकडे बघणं सोडलं.

"पुढचें तिलाच येत होतें," म्हणाले, आणि त्याच दोन ओळी परत वाजवायला लागले.